तळं पेटवणारा यूसुफभाऊ

यूसुफभाऊ गेल्याचं तळ्यावर मासे धरणाऱ्या सखूबाईनं शाळेच्या दारात येऊन सांगितलं. "मास्तर, तुमचा मिस्त्री गेला ना जी..." पाच आठवडे झाले. हे लिहिताना दोनदा उठून गेलो, अजूनही एका जागी बसवत नाही.

गोंडपिपरीच्या धानगिरणीचं इंजिन तो चालवायचा. पावसाळ्यात चांद्याचा रस्ता बंद झाला की तेल यायचं नाही, इंजिन थंड पडायचं आणि बाया पुन्हा मुसळ हाती घ्यायच्या. त्याला ते बघवत नसे. शेणाच्या गॅसबद्दल मी कुठंसं वाचलेलं त्याला सांगितलं, तेव्हापासून त्याची झोपच उडाली. "शेन तं शेतात जाते मास्तर. तळ्यातलं शेवाळ कोनाच्या कामाचं?" सखूबाईच्या जाळ्यात अडकणारं शेवाळ, धानाची कुजकी तणस आणि विरजणापुरतं शेण त्यानं एका पिपात कालवलं, वर गॅस साठायला दुसरं पीप उपडं घातलं. महिनाभर नुसती घाण सुटली. मग एका दुपारी वर्गाच्या खिडकीतून हाक आली, "चला लवकर! आपलं तळं पेटून राह्यलं!" वरच्या पिपातून काढलेल्या नळीच्या टोकाला निळी ज्योत होती. दिवाळीआधी त्यानं ती नळी इंजिनाला जोडली, आणि निम्म्या तेलात गिरणी चालली.

थंडी पडली तसा गॅस बसला. मी शहाणपणानं म्हणालो, "ऊब द्या त्याला." त्यानं घरातली एकुलती रजई पिपाभोवती गुंडाळली. त्याची बायको अमिनाबाई भांडली, "मानसापेक्षा पिपाले जास्त थंडी वाजते काऊन?" त्याला आधीच खोकला होता. पौषात ताप चढला, छाती भरली. चांद्याच्या दवाखान्यात न्यायला मी गाडी आणली, तर म्हणाला, "दोन दिवस थांबा, पीप कोन पाहीन?" आणि मी थांबलो...

परवा अमिनाबाईनं बोलावलं. उन्हं तापू लागलीत. उपडं पीप गॅसनं आपोआप हातभर वर आलं होतं. तिनं त्याच गॅसवर चहा केला. "पाहा, आता आला. तुमच्या दोस्ताले एवढं थांबता नाई आलं." मी उभ्यानंच कप घेतला. तिनं विचारलं, "शेवाळ किती, शेन किती टाकाचं? तुमाले तं ठावं असन. सांगा मले, मी चालवीन."

मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं... मी फक्त ज्योत बघायला यायचो.