पेठहून आणलेली बाटली

नाशिकहून पेठला जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली तरी आणखी दोघांची वाट बघते. मी पुढची जागा धरली. मांडीवर निळा बर्फाचा डबा, त्यात एक रिकामी बाटली. मुलांनो, तुमच्या आजीने आजवर बरंच काय काय वाहून आणलं, पण कुणाचा बेडका (खोकून काढलेला कफ) आणायला निघाले ती पहिल्यांदाच.

आपल्याकडे स्वयंपाकाला असलेली भागाबाई तुम्हाला आठवत असेल. तिच्या धाकट्या सुनेचा, यमुनेचा, टीबी पावसाळ्यापासून गोळ्या घेऊनही हटत नव्हता. नाशिकच्या सरकारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मशीनवरची नवीन तपासणी आलीय. कुठलं औषध लागू पडत नाही, ते आठवड्यात कळतं. तिचा बेडका मात्र थंड ठेवून इथे आणायला हवा." मला खरं वाटेना. पूर्वी याच कामाला महिने लागत. शिवाय शहरात बोटातल्या रक्तावरून झटपट टीबी सांगणारेही होते. एक 'आहे' म्हणे, दुसरा 'नाही'.

सावळघाट चढून गेल्यावर डोंगर पिवळे दिसू लागले. नागली, म्हणजे नाचणी, कापून झाली होती.

भागाबाईच्या दारात एक गाठोडं बांधून ठेवलं होतं.

"हे काय गं?"

"तिच्या साड्या. धाडते माहेरी. पोरगी इथंच ऱ्हाईल." भागाबाई चुलीपासून हललीही नाही. "बाई, ती गोळ्या गिळत नाय. गालात धरती, मागं जाऊन थुकती. माझ्या सोमानं बी तेच केलं. एकलहऱ्याच्या कामावरनं खोकत आला अन् गेला. आता ही."

सोमा म्हणजे तिचा थोरला. त्याच्या आजारपणात उशाशी बसली होती ती यमुनाच.

यमुना ओट्याच्या कडेला, लेकीपासून लांब बसली होती. "गिळते, आजी," एवढंच म्हणाली. मी तिच्याकडे निरखून पाहिलं. खरं सांगते, मलाही काही ठरवता आलं नाही.

जेवायला नागलीची भाकरी आणि खुरासणीची (काळ्या बारीक तेलबियांची) चटणी होती. भागाबाईने यमुनेचं ताट वेगळं, दूर सरकवलं.

सकाळी यमुनेने अंगणात उन्हात उभं राहून खोकून बाटली भरली. झाकण आवळून ती माझ्याच हातात दिली. "तुम्हीच न्या. मधी कोणी बदलली तर?"

"कोण बदलील गं?" भागाबाई आतून ओरडली. "सोनं हाय का तिच्यात?"

परतीच्या जीपमध्ये मीही यमुनेसारखीच संशयी झाले. घाटात टायर बसलं. जॅक काढायला ड्रायव्हरने माझा डबा उचलला, तशी मी ओरडलेच.

"एवढं काय, आजी? मासे हायेत का?"

"नाही."

"मग कुल्फी आसंल. काढा की, घसा सुकला."

सगळे हसले. मी झाकण तपासलं आणि डब्यावर छत्री धरून बसले.

आठवडा सरायच्या आत डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. टीबीच्या दोन्ही मुख्य औषधांना यमुनेचे जंतू दाद देत नव्हते. "गोळ्या फेकल्यामुळे?" मी विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "घरात आधी कुणाला होता?" मी सोमाचं सांगितलं. "गोळ्या घेऊनही गेला? मग बहुधा हिला लागला तो त्याचाच. पहिल्यापासूनच औषधाला न जुमानणारा. गिळल्या तरी उपयोग नव्हता."

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि तिकडे रेंजही नव्हती. मी पुन्हा पेठची जीप धरली.

गाठोडं अजून दारातच होतं. भागाबाईने सगळं ऐकलं. आधी म्हणाली, "मशीनला काय कळतंय?" मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं पुन्हा सांगितलं. ती चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करत राहिली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "म्हंजी माझा सोमा बी गिळत व्हता?"

"बहुधा हो."

"मरायच्या आधी मी त्याच्या तोंडात बोटं घालून बघितलं, बाई. जिभेखाली गोळी लपवलीय का म्हणून."

यमुना दारापाशी उभी होती. "मामी, मी सांगितलं व्हतं तुम्हाला," ती हळूच सासूला म्हणाली. भागाबाई उठली आणि गाठोड्याची गाठ दातांनी सोडू लागली.

नवी औषधं बरेच महिने घ्यायची आहेत, इंजेक्शनं आहेत, लेक अजून लांबच झोपेल. औषधं लागू पडतील का, याची मला आजही धास्ती आहे. पण जीप वळली तेव्हा मागे पाहिलं, तर यमुनेच्या साड्या दोरीवर होत्या. नाशिक येईपर्यंत माझ्या मांडीवर काही नव्हतं, तरी हात डबा धरल्यासारखेच राहिले.