दुसऱ्याच कुत्र्याचे डोळे

टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्याच्या एका लांबट खोलीत पाच माणसं दिवसभर कुत्र्यामांजरांची चित्रं करत बसत. लोक आपल्या लाडक्या जनावराचा फोटो पाठवत आणि हे पाच जण कॉम्प्युटरवर त्याचं असं चित्र करून देत, की कुणी चित्रकाराने त्या जनावराला आठवडाभर समोर बसवून तैलरंगात रंगवलंय असं वाटावं. मग ते कापडावर छापून, चौकटीत ठोकून घरपोच जाई. बहुतेक जनावरं तोवर गेलेली असत. जिवंत कुत्र्याचं चित्र करून घेण्याचं सुचतं कुणाला?

पाचांत सगळ्यात वयस्कर होते मास्तर. एकोणीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. पुढे शाळेने चित्रकलेचा तास काढून टाकला आणि तासाबरोबर मास्तरांनाही. शाळा सुटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बाकीचे चौघे पंचविशीच्या आतबाहेरचे. मालकीणबाईही मास्तरांच्या मुलीच्या वयाची, पण कामाला वाघीण. सकाळी दारातून आत येतानाच विचारायची, "मास्तर, आज आठ होतील ना?"

आठ म्हणजे आठ चित्रं. पहिला हात कॉम्प्युटरच मारायचा. फोटो आत घातला की दोन मिनिटांत रंगांचे फटकारे मारून तो मोकळा. पण कान कुठे संपतो आणि सोफा कुठे सुरू होतो हे काही त्याला कळायचं नाही. मिशा गवतासारख्या काढायचा, नाक वितळवून टाकायचा. ते सगळं निस्तरायला मास्तर. हातात बिनशाईचं काळं पेन, खाली त्या पेनने रेघा मारायची पाटीएवढी काळी पट्टी, समोर पडदा. संध्याकाळी मान वळेनाशी व्हायची आणि घरी जाताना बसमधली माणसंसुद्धा फटकाऱ्यांची बनलेली दिसायची.

आठ पुरी करायची तर चोरवाटा शोधाव्याच लागतात. मास्तरांची चोरवाट डोळ्यांची होती. कामाला लागले त्या वर्षी त्यांनी एका कुत्र्याचे डोळे फार मन लावून काढले होते. तपकिरी, ओलसर, बाहुलीत खिडकीचा बारीकसा उजेड. ती जोडी त्यांनी वेगळी जपून ठेवली. पुढे कुठल्याही फोटोत डोळे नीट दिसले नाहीत, की ती जोडी उचलायची, रंग थोडा इकडेतिकडे करायचा आणि बसवायची. लोक खूश व्हायचे. "डोळे अगदी जिवंत आलेत," असं कळवायचे. सुरुवातीला मास्तरांना खायला उठायचं ते. मग सवय झाली.

एका मंगळवारी दुपारी मालकीणबाईने फोन त्यांच्यापुढे धरला. "मास्तर, एक आजी आहेत. डोळे काढणाऱ्याशीच बोलायचं म्हणतात. तुम्हीच बोला बाई, माझं काही ऐकत नाहीत."

पलीकडचा आवाज म्हातारा होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ. बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, हे त्यांनी पुढे बोलता बोलता सांगितलं.

"आमच्या कुत्र्याचं चित्र तुम्ही केलंत?"

"हो ताई. काही बिघडलं का?"

"बिघडलं नाही. फार सुंदर आहे. पण डोळे त्याचे नाहीत."

चोर पकडला जावा तसे मास्तर खुर्चीत सरकून बसले. "फोटोत डोळे पांढरे आले होते. मला वाटलं, फ्लॅश पडला असेल. म्हणून मी..."

"फ्लॅश नव्हे हो. मोतीबिंदू होता दोन्ही डोळ्यांत. शेवटची सहा वर्षं त्याला काही म्हणता काही दिसत नव्हतं. माझ्या आवाजावर चालायचा. मी एका खोलीतून दुसरीत जाताना बडबड करत जायची. कुणी ऐकलं असतं तर वेड लागलंय म्हटलं असतं. आणि तुमच्या चित्रात तो माझ्याकडे टक लावून बघतोय. रागावू नका, पण मला भीती वाटली. मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलंय."

फ्लॅशची गोष्ट खरी होती, पण अर्धीच. त्या फोटोकडे मास्तरांनी जेमतेम मिनिटभर पाहिलं होतं. पांढरं दिसलं, जोडी उचलली, बसवली, पुढचा कुत्रा.

"ताई, मी दुसरं करून देतो," ते म्हणाले. "पण मला थोडं सांगा त्याच्याबद्दल. तुम्ही बोलायचात तेव्हा तो काय करायचा?"

"काय करणार? ऐकायचा. डावा कान पुढे घ्यायचा. उजवा तसाच पडलेला. तोंड भलतीकडेच, पण डावा कान माझ्याकडे."

मास्तरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरला पहिला हात मारूच दिला नाही. कोऱ्या पडद्यावर स्वतः सुरुवात केली आणि तासाभरातच कळून चुकलं, की हात पूर्वीचा राहिलेला नाही. कानाची एक रेघ अकरा वेळा पुसली. डोळ्यांचं तर विचारूच नका. पांढरा रंग भरला की संगमरवरी पुतळा, राखाडी भरला की मेलेला मासा. शाळेत मुलांपुढे पांढरी वाटी ठेवून ते दरवर्षी सांगायचे, "नीट बघा रे, ह्यात पांढरं कुठेच नाही." स्वतः मात्र कित्येक वर्षांत नीट बघितलं नव्हतं. फोटो मोठा करून ते बघत बसले. धुरकट निळं होतं, कडेला पिवळसर, आणि मध्ये साय धरल्यासारखं काहीतरी.

गुरुवारी मालकीणबाई खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "मास्तर, एका कुत्र्यावर दोन दिवस? बाकीचे चौघं तुमची आठ वाटून घेतायत."

"चूक माझी आहे. हे दोन दिवस माझ्या रजेत धरा."

"रजेचं नाही हो म्हणत मी." ती पडद्याकडे बघत राहिली. "हा आंधळा आहे?"

"हो."

"कळतंय," ती म्हणाली, आणि आपल्या टेबलाकडे निघून गेली.

रविवारी चित्र बगलेत मारून मास्तर निघाले, तेव्हा बायको म्हणाली, "घरातला नळ महिनाभर गळतोय, त्याला वेळ नाही. कुत्र्याला पोचवायला आहे." तिचं चुकत नव्हतं. मास्तर चपला घालून बाहेर पडले.

दोन बस बदलून ते बाईंच्या घरी पोचले. दोनच खोल्या, दोन्ही टापटीप. फर्निचर सगळं भिंतीला लावलेलं, मधली वाट मोकळी. कुत्रा अडखळू नये म्हणून केलं होतं, ते अजून तसंच राहिलं होतं. बाईंनी चष्मा बदलला, चित्र खुर्चीवर टेकवलं आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. मग नेहमीच्या आवाजात, जसं काही कुणी बाजूच्या खोलीत आहे, म्हणाल्या, "चहा टाकते हं मी."

मास्तरांना वाटलं आपल्याशीच बोलतायत. "नको ताई, कशाला त्रास."

"तुम्हाला नाही," बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच ओशाळून हसल्या. "तुम्हालाही देते. बसा. हा तोच आहे. पण इतका म्हातारा दिसायचा का हो?"

"फोटोत तरी दिसतो."

"असेल. रोज बघणाऱ्याला कुठे कळतं."

चहा झाला. निघताना बाईंनी पहिलं चित्र जुन्या चादरीत गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. "हे घेऊन जा. टाकवत नाही आणि ठेववतही नाही."

घरी बायकोने चादर सोडून बघितलं. "छान आहे की! कोणाचा?"

"कोणाचाच नाही," मास्तर म्हणाले आणि नळाचा वॉशर शोधायला उठले. रविवारी दुकान बंद, वॉशर मिळाला नाही.

या प्रकरणाचा एक परिणाम झाला. मालकीणबाईने मागणीच्या फॉर्मवर नवी ओळ घातली: 'तुमच्या प्राण्याबद्दल आम्हाला काही सांगायचंय का?' तिला वाटलं होतं लोक 'एक डोळा नाही', 'शेपूट तुटकं' असं काही लिहितील. लोकांनी पानंच्या पानं लिहायला सुरुवात केली. बाकीचे चौघे ती वाचतच नसत. म्हणून हळूहळू सगळी पत्रं मास्तरांकडे येऊ लागली. कुणाचा कुत्रा शेजारच्या डॉक्टरांवरच भुंकायचा, कुणाची मांजर आजोबांच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. हे चित्रात कसं आणायचं, हे कुणीच लिहीत नसे. वाद घालघालून मास्तरांनी आठची सात करून घेतली, पण ती सातही आता जड जात होती. मान पूर्वीपेक्षा जास्त दुखायची. ती डोळ्यांची जोडी त्यांनी अजून पुसली नव्हती. फार अडलं की वापरायचे, पण आधी पत्र पुरतं वाचून.

एका सोमवारी एका गृहस्थांनी कोंबडीचा फोटो पाठवला. साधी तांबडी कोंबडी, अंगणात उभी. खाली चार पानं लिहिली होती. मास्तरांनी चष्मा पुसला, खुर्ची मागे सरकवली आणि पहिलं पान वाचायला घेतलं.