जावयाची कुरतडलेली हॅट

कॅनडातल्या बेली नदीकाठच्या कायनाय आदिवासींच्या वस्तीत म्हाताऱ्या मटिल्डाच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. हिवाळ्यात ती नापीच्या गोष्टी सांगायला बसली की तिच्या लाकडी घरात पाय ठेवायला जागा उरत नसे. नापीने म्हणे हे सगळं जग घडवलं, पण अंगच्या चावटपणाने दर गोष्टीत तोच तोंडघशी पडायचा. त्याची फजिती ऐकून माणसं पोट धरून हसत.

हसत नसे तो एकटा विल्टन, तिचा जावई. सासूने जावयाचं तोंड बघू नये, जावयाने सासूशी बोलू नये, ही पूर्वापार रीत, आणि दोघंही ती कसोशीने पाळत. लेक-जावई त्याच घरात फळ्यांच्या भिंतीपलीकडे, मधल्या दाराला पडदा लावून राहायचे. इकडे हशा पिकायचा, तिकडून हूं की चूं नाही.

"तुझ्या नवऱ्याचं तोंड मी बघितलेलं नाही," ती लेकीला, डेल्फिनला म्हणायची, "पण एरंडेल प्यायल्यासारखंच असणार!"

सकाळी बाहेरच्या सामाईक दाराजवळच्या खुंटीवर त्याची हॅट दिसे. तिची कड कुरतडलेली. मग लेकी बोले सुने लागे या चालीवर मटिल्डा कुत्र्याला मोठ्याने बजावायची, "उंदरांना सांग रे, जावयाची हॅट पुरे झाली. आता माझ्या घोंगडीला तोंड लावू नका म्हणावं!"

तरी पलीकडे शांतता. म्हातारीला हे फार लागायचं. गावाने डोक्यावर घेतलं तरी घरातलाच माणूस हसत नाही, म्हणजे काय!

एका हिवाळ्यात डेल्फिन बहिणीच्या बाळंतपणाला नदीपलीकडे गेली आणि हिमवादळात तिथेच अडकली. इकडे विल्टन तापाने फणफणला. छाती घरघरू लागली. कढणाचं भांडं घेऊन मटिल्डा पडद्याशी थबकली. आजारी जावयाची सेवा सासूने केलेली चालते, तो बरा झाला की मग बोलायचं बंधन कायमचं सुटतं, हीसुद्धा रीतच होती. पण इतक्या वर्षांची लाज अशी थोडीच जाते! तेवढ्यात आतून तो कण्हला.

"लाज घेऊन काय चाटायचीय?" म्हणत तिने तोंडावर शाल ओढली आणि पडदा सारला.

तिने कढण पाजलं, छाती शेकली, रात्री जागवल्या. वादळ निवळायच्या आत त्याचा ताप उतरला. तो उठून बसला तेव्हा तिने शाल तोंडावरून काढली.

"जावईबापू, आता खरं सांगा. माझ्या गोष्टी इतक्या का वाईट असतात?"

विल्टन लाजून लाल झाला. "ती हॅट द्या जरा, सासूबाई."

तिने ती आणून दिली.

"या घरात उंदीर नाहीत हो," तो म्हणाला. "सासूला ऐकू जाईल असं जावयाने हसायचं तरी कसं? ही तोंडात कोंबायचो. अस्वलाच्या गोष्टीला तर हा अख्खा तुकडाच तुटला."

मटिल्डाने त्या तुकड्याच्या जागी बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"आता ही लागायची नाही," असं म्हणून तिने हॅट खाटेखाली सरकवली आणि अस्वलाची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.