दोरा बांधलेली लिली

आज सकाळी कोरगावच्या आमच्या अंगणात कर्ण्यासारखी लांब लिली उमलली. त्या दाट वासाबरोबर एक जुनी सकाळ आठवली.

त्या वेळी पांढऱ्या लिलीच्या फुलात मी गुलाबी लिलीचे पराग लावले होते आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधला होता. नवा रंग मिळणार की नाही, ते सगळं त्या एका फुलावर होतं. तेवढ्यात माझी सासू, आमची माई, देवाची फुलं काढायला परडी घेऊन आली. तिचा हात नेमका त्याच देठाकडे गेला.

"ह्यो दोरो कसलो गो?"

"नवसाचो, माई," मी खोटं बोलले.

माईने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. माझ्या पोटाकडे पाहिलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मग तिने त्या फुलाला हात जोडले.

फूल वाचलं, एवढाच तेव्हा मला आनंद. बी धरलं, नवी लिलीही फुलली. मूल काही झालं नाही. माई मात्र शेवटपर्यंत त्या झाडाला रोज पाणी घालत राहिली, आणि नवसाचं तिने मला कधीच विचारलं नाही.