बाहेर बसवलेली

मला दिवस गेले होते. डिचोलीच्या डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंही होतं. आणि एका सकाळी रक्त दिसलं. घाबरून सासूला सांगितलं, तर ती म्हणाली, "चुकलेली पाळी, ती आता इली. भायर बस. चार दीस खंयच हात लावू नको."

मागच्या पडवीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. म्हणजे आता मला कुणी शिवणार नव्हतं, आणि डॉक्टरकडे नेणारही नव्हतं.

दुपारी नवरा गोव्याच्या राजभाषेच्या सभेहून आला. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर मराठीसाठी घसा बसेपर्यंत ओरडलेला हा माणूस दारातून लांबूनच पुटपुटला, "आईक कित्याक दुखयतंस? चार दिसांनी जाऊया."

चार दिवसांनी काय राहणार होतं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठले, सरळ स्वयंपाकघरात शिरले. घागर, तांदळाचा डबा, लोणच्याची बरणी, सगळ्याला हात लावला. देव्हाऱ्यातली समईसुद्धा सोडली नाही. सासू किंचाळत मागे आली, तेव्हा तिच्याही खांद्यावर हात ठेवला. लग्न झाल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मग पिशवी उचलली आणि खनिजाच्या ट्रकांची धूळ खात स्टँडवर जाऊन म्हापशाच्या मोठ्या इस्पितळाकडे जाणारी बस धरली.

तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "रक्त गेलं म्हणजे गर्भ गेलाच असं नाही. राहिलाच असंही आज सांगता येत नाही. आठवड्याने परत बघू. जास्त जायला लागलं किंवा ताप आला, तर तशाच निघून या. राहणार कुठे?"

"हळर्णला, आईकडे," मी म्हटलं. ते त्या खुर्चीतच ठरलं.

आईने मला खाटेवर निजवलं, जवळ बसून केस विंचरले. पुढच्या तपासणीत गर्भ राहिला नव्हता. मी खूप रडले. डॉक्टर म्हणाल्या, यात कुणाचीच चूक नाही, आधी आला असतात तरी वाचला असता असं नाही. मला ते ऐकायचंच नव्हतं. सासूने तो मारला नव्हता, कबूल. पण तो नव्हताच असं ती म्हणाली होती, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना अजून तेच सांगत होती.

महिन्याभराने परत गेले. पाळी आली तेव्हा पडवीत बसले नाही. स्वयंपाक केला, पाळी आल्याचं सासूला सांगून पहिलं ताट तिच्यापुढे ठेवलं. ती उपाशी झोपली. पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या खेपेला मान खाली घालून जेवायला बसली. मी भात वाढला आणि तिला नीट ऐकू जाईल असं म्हटलं, "ही पाळी आसा, आई. ती नव्हती."