कपाळाच्या उंचीवर

मला एका जागी बसता येत नाही. डोळे गेले तरी पोरीच्या पायांची खाज गेली नाही, असं आई शेजारणींना सांगायची, आणि ते खरंच होतं. डोळे गेले ते शाळेत असताना, कडेकडून आत, हळूहळू. आधी समोर परातीएवढा उजेड उरला, मग वाटीएवढा, आणि एका उन्हाळ्यात तोही विझला. त्यावर मी पोटभर रडून घेतलेलं आहे, इथे पुन्हा रडत नाही.

पुढे नागपूरला टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकले आणि ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत पांढुर्ण्याच्या एक्सचेंजमध्ये नोकरी लागली. आमचं घर सावरगावला, जाम नदीच्या अलीकडे. एक्सचेंज पलीकडे. मध्ये गल्ली, पूल आणि अख्खा बाजार. दादा सकाळी मला हाताला धरून पोचवायचा आणि धावत सौसरची बस पकडायचा, कारण तो तिथल्या शाळेत मास्तर होता. संध्याकाळी ड्यूटी संपली की त्याची बस परत येईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून राहायची. त्या बाकाचा मला जितका राग होता तितका आयुष्यात कोणत्याच माणसाचा आला नसेल. लोक येता-जाता विचारायचे, भाऊ आला नाही का अजून. मी चपलेनं जमीन उकरत हसायची.

बोर्डावर मात्र मी कोणाची मिंधी नव्हते. बोटांनी खटके चाचपायचे, दोऱ्या जोडायच्या, छिंदवाडा, नागपूर, दिल्ली. संत्र्याच्या मोसमात व्यापारी लाइनीसाठी आकाशपाताळ एक करायचे. त्यांच्या गाड्या भरून उभ्या, भाव कळल्याशिवाय निघायच्या नाहीत, आणि मी सांगायची की लाइन नाही. ते ओरडायचे, ओळखी काढायचे. लाइन नसेल तर मी जोडायची नाही. दिवसभरात कोणाला तरी ठामपणे नाही म्हणायला मिळणं ही काय चीज असते, ते घरात सगळ्यांच्या हो ला हो करणाऱ्या बाईलाच कळेल.

आणि नेमकं तेव्हाच दादानं ठरवलं की दिवाळीला सगळ्यांनी सौसरला राहायला जायचं. त्याचं चुकत नव्हतं. रोजच्या धावपळीनं तो खंगला होता, शाळेत उशिरा पोचून बोलणी खात होता. आईनं, वहिनीनं, मुलांनी, मी, सगळ्यांनी जायचं आणि मी नोकरी सोडायची. तो म्हणाला, तुझ्या पगारावाचून आपलं अडत नाही. माझं अडत होतं, पण ते पगारावाचून नव्हे, हे मला त्याला समजावता येईना. मी नुसती चिडत राहिले.

नागपूरला शिकत असताना आमच्या बाईंनी एकदा परदेशात आंधळ्यांना रस्त्यानं नेणाऱ्या कुत्र्यांबद्दल वाचून दाखवलं होतं. तेव्हा आम्ही मुली खूप हसलो होतो. आता रात्रंदिवस तेच डोक्यात घोळायला लागलं. आमच्या गल्लीत एक काका फौजेतून रिटायर होऊन आले होते आणि त्यांची सगळी नोकरी फौजेच्या कुत्र्यांना शिकवण्यात गेली होती. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आंधळ्यांचा कुत्रा त्यांनीही कधी पाहिला नव्हता, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आमच्या ओट्याखाली झोपणारा एक गावठी कुत्रा होता, तगडा, शांत, फटाक्यालाही न दचकणारा. काकांनी त्याला निवडलं. त्याचं नाव फक्त आम्हा दोघांना ठाऊक असावं, असं त्यांनी बजावलं, नाहीतर रस्त्यावर जो तो त्याला हाक मारेल आणि तो माझ्यासकट तिकडे जाईल. ते नाव मी अजूनही कोणाला सांगत नाही.

बैलांचे पट्टे शिवणाऱ्या मोच्याकडून काकांनी कुत्र्याच्या छातीचा पट्टा करून घेतला आणि मला धरायला त्याला वेताचं कडं लावलं. मोच्यानं सवयीनं पट्ट्याला घुंगरू लावले होते. गल्लीतल्या बायकांना ते फार आवडले, पण त्या आवाजात मला रस्ता ऐकू येईना, म्हणून मी ते कापून टाकले.

शिकवणी सुरू झाली. चल, थांब, डावं, उजवं. काकांची शिस्त अशी की हुकूम दिला म्हणजे दिला. कुत्रा पटापट शिकला. मी कडं धरून मागे मागे जायची आणि माझे पाय त्याच्या पुढे पळायला बघायचे. इतकी वर्षं कोणाच्या तरी खांद्याच्या मागे फरफटत चाललेली मी, आता वारा समोरून तोंडावर येत होता. पहिल्यांदा पुलापर्यंत गेलो तेव्हा मी मोठ्यानं हसले आणि मग लगेच भीती वाटली की हे फार दिवस टिकायचं नाही.

पुलाच्या अलीकडे नळासाठी कोणीतरी नाली खोदून ठेवली होती. कुत्रा थबकला. मला वाटलं कुठेतरी वास लागला असेल, म्हणून मी म्हटलं, चल. तो जागचा हलेना. मी पुन्हा जोरात म्हटलं, चल. त्यानं उडी मारली आणि त्याच्यामागे मी नालीत. गुडघे सोलले, लुगडं चिखलात. वरून काकांचा आवाज आला आणि त्यात चक्क अभिमान होता.

"पाहिलं का? हुकूम नाई मोडला त्यानं."

"काका," मी म्हटलं, "मी नालीत बसून राहिली अन् तुम्ही त्याची तारीफ करून राहिले."

तिथेच चिखलात बसल्या बसल्या मला कळलं की आमचं सगळंच उलटं चाललंय. त्या कुत्र्याला नाली दिसली होती. तो थांबला होता. मीच त्याला आत ढकललं, आणि तो गेला, कारण आम्ही त्याला तेवढंच शिकवलं होतं. काकांना मी घरी येईपर्यंत समजावत होते. त्यांना ते पचेना. हुकूम मोडणारा कुत्रा फौजेत दुसऱ्या दिवशी गेटबाहेर असतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. शेवटी मी त्यांना माझं काम सांगितलं.

"मी दिवसभर लोकायले नाई म्हणते, काका. शेठ कितीबी ओरडला तरी लाइन नसली तं जोडत नाई. यालेबी नाई म्हणता आलं पाह्यजे. मले दिसत नाई, तं माह्या हुकमाचा काय भरवसा?"

त्यांनी वाकून कुत्र्याचा पट्टा सोडला. मग म्हणाले, उद्या सकाळी ये.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याला हुकूम मोडायला शिकवायला लागलो. काका वाटेत संत्र्याची खोकी रचायचे, खाट आडवी घालायचे. मी म्हणायची, चल. तो गेला तर काही नाही. तो थांबला तर भाकरीचा तुकडा. तुकडा द्यायला काकांचा हात काही उठायचा नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी कुत्र्यांना रागावले तिच्यासाठी बक्षीस द्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. तेव्हा तुकडा मीच द्यायची आणि ते लांब जाऊन विडी पेटवायचे. पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे मारायची आमच्याकडची गोटमार झाली, त्यानंतर बरेच दिवस नदीकाठचे रस्ते गोट्यांनी भरलेले होते. त्यात त्याची चांगली तयारी झाली. नाली, गोटे, गाय, सायकल, सगळ्यापुढे तो थांबायला लागला. मी कितीही चल म्हटलं तरी.

अडलं ते एकाच गोष्टीवर, ते म्हणजे माझं कपाळ. दुकानांचे खाली आलेले पत्रे, बाजारातल्या ताडपत्र्यांचे बांबू, कोणाच्या दारावरची वेल. तो त्याखालून आरामात जायचा आणि मी धाडकन आपटायची.

"त्याच्या डोक्यावर जागा हाय," काका म्हणाले, "तुह्या डोक्यावर नाई, हे त्याले कसं मालूम पडन?"

दादाला काहीच पटत नव्हतं. चिडून तो एकदा म्हणाला होता की लोक त्याच्या तोंडावर थुंकतील, भाऊ जिवंत असताना बहीण कुत्र्याच्या हवाली केली म्हणून. पण मी हट्टाला पेटले तेव्हा त्यानं एक अट घातली. दिवाळीपर्यंत कपाळ कोरं दिसलं, तर आई आणि मी इथे राहू, तो वहिनी-मुलांना घेऊन सौसरला जाईल. नाहीतर निमूट चलायचं. रोज संध्याकाळी तो माझ्या कपाळावरून अंगठा फिरवायचा. टेंगूळ लागलं की काही बोलायचा नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी अंगणात कपाळाच्या उंचीवर बांबू बांधला. डोक्याला लागला की मी तिथेच खाली बसायची, बांबूवर थाप मारायची आणि फिरायला जाणं बंद. कुत्र्याला फिरायला जाणं जीव की प्राण. तो कण्हायचा, कडं ओढायचा. हळूहळू अंगणात तो थांबायला लागला, मान वर करून. पण अंगणात जमायचं ते रस्त्यावर विसरायचा. मला रात्री झोप लागेना. अंथरुणावर पडल्या पडल्या माझे पाय चालत असायचे. ड्यूटीवर एकाला छिंदवाड्याऐवजी अमरावती जोडून दिली.

दिवाळीला आठवडा उरला असताना बाजारातल्या एका बांबूनं माझी भुवई फोडली. टाके पडले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा दादानं अंगठा फिरवला नाही, पट्टीच्या कडेला नुसता टेकवला. मग तो टेम्पो ठरवायला गेला. आई म्हणाली, पोरी, आता पुरे. काकासुद्धा म्हणाले की गावठी जातीकडून याहून जास्त होत नाही. मी त्यांच्याशी भांडले नाही. माझ्यातलं भांडण संपलं होतं आणि ते मला फार भयानक वाटलं. मी हरले होते.

जायचा दिवस उजाडला, टेम्पो सकाळीच आला. वहिनी आणि मुलं आदल्या दिवशी बसनं गेली होती. दादा आणि दोन हमाल सामान भरत होते, आई रिकाम्या घरात उगाच झाडू मारत होती. नोकरी सोडते असं एक्सचेंजमध्ये सांगायचं माझ्याकडून झालं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशीची माझी ड्यूटी लागलेलीच होती. तिथे बोर्डावर कोण बसेल, याचाच विचार मी करत होते. ओट्यावर उभी राहून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत. दादा म्हणाला, आई पुढे बसेल, तू आणि तुझा तो मागे चढा.

मी पट्टा चढवला, कडं धरलं आणि म्हटलं, चल. आम्ही टेम्पोच्या मागच्या बाजूला गेलो. गोणपाटाचा आणि डिझेलचा वास जवळ आला आणि तो बसला. मी म्हटलं, चल. तो उठेना. वाटेत काही आहे का म्हणून मी पाय पुढे घालून बघितला, जमीन मोकळी होती. माझा संताप झाला. आधीच मन तुटलेलं, त्यात याचे नखरे. मी ओरडले, "चल म्हटलं ना!" तो उठून माझ्या पायांना आडवा झाला आणि पाठ माझ्या गुडघ्यांवर रेटून उभा राहिला.

"काय झालं त्याले?" दादा वैतागून म्हणाला. त्याच्या चपला जवळ आल्या, मग भराभर जवळ आल्या, आणि थांबल्या.  हमाल बोलायचे थांबले. मी कडं सोडलं आणि हात हळूच वर नेला. कपाळाच्या जरा पुढे बोटांना आईच्या खाटेचा पाय लागला, सामानावरून बाहेर आलेला. त्या पायाच्या टोकावर दादाचा हात होता. माझ्या आणि लाकडाच्या मध्ये घालायला तो धावत आला होता, पण तोवर कुत्र्यानं मला थांबवलं होतं.

दादाचा हात तसाच होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्यानं अंगठा माझ्या कपाळावर ठेवला, पट्टीच्या बाजूला, जिथे नवीन काही नव्हतं, आणि एकदा पूर्ण फिरवला.

"खाट उतरवा," तो हमालांना म्हणाला. "आईची खाट इथंच राहीन."

आई झाडू घेऊन दारात आली असणार, कारण झाडू खाली पडल्याचा आवाज झाला. मला रडू आलं, आणि दादालाही आलं, तो नाक ओढत होता. मला त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच की ड्यूटीची वेळ होऊन राहिली. तो म्हणाला, मग जा ना.

मी कमरेला फडक्यात बांधलेली भाकरी काढून कुत्र्याला दिली, तुकडा नाही, अख्खी. मग कडं धरलं आणि म्हटलं, चल. तो उठला, खाट घरात नेणाऱ्या हमालांना वळसा घालून मला गल्लीत घेऊन आला आणि पुलाच्या दिशेला लागला.