आमच्या शाळेचं विरंगुळा केंद्र आणि बाहेर बसलेल्या काकी

बंद पडलेल्या आपल्या शाळेचं आता विरंगुळा केंद्र झालंय, हे मला कळलं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आमच्या सातवीच्या वर्गात चक्क टेबल टेनिस! माझं डोकंच सणकलं. हे नक्की कुठल्यातरी टॉवरवाल्यांचं काम, असं बडबडत शनिवारी घाटकोपरहून निघाले.

जाणार असाल तर मेट्रोने अंधेरीच्या पुढचं शेवटचं स्टेशन गाठा. तिकीट चाळीस रुपये. तिथून कोळीवाड्याच्या नाक्यापर्यंत शेअर रिक्षा, पुढे गल्लीतून पाच मिनिटं चालायचं. घरून जेवून निघू नका. नाक्यावर बोंबील फ्राय आणि तांदळाची भाकरी मिळते, बोटं चाटत बसाल.

केंद्र बघून मात्र माझी बोलतीच बंद झाली. गळकं छप्पर गेलेलं, भिंती रंगवलेल्या, आणि बायकांसाठी स्वच्छ संडास, जो आमच्या वेळी नव्हताच. मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन आजोबा कॅरमवरून हमरीतुमरीवर आले होते. "आधी क्वीन कव्हर कर ना, बडबड नंतर!" भांडायला आलेली मी सभासद व्हायचा विचार करू लागले.

मग पायरीवर जानकीकाकी दिसल्या. माझ्या वर्गातल्या हरेशची आई. शेजारी मासळीची रिकामी टोपली, डोक्यावर ऊन. पूर्वी बाजार आटपून कोळणी शाळेच्या व्हरांड्यात सावलीला बसायच्या आणि शाळा सुटली की पोरांना घेऊन घरी जायच्या.

"कवा आयलीस गो बाय?"

"आत्ताच. काकी, आत पंखा आहे की! उन्हात का बसलात?"

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे बोर्ड होता: 'मासळीची टोपली घेऊन आत येऊ नये. हुकुमावरून.'

कोळ्यांच्याच गावात? मला विश्वासच बसेना. तरातरा ऑफिसात शिरले, तर सचिवाच्या खुर्चीत खुद्द हरेश.

"तो बोर्ड कोणी लावला रे?"

"मी."

"वेडा झालास का? तुझी आई बाहेर बसलीये!"

"माहितीये. रोज भांडते घरी. पण इथे बाहेरची लोकं पण येतात ना. आमच्या बायका आत आल्या आणि कोणी नाकाला रुमाल लावला, तर मला नाय सहन होणार. एकदा बघितलंय मी ते, याच शाळेत."

"कोणी लावला होता?"

तो हसला. "तू, यार. सातवीत मॉनिटर होतीस. वास येतो म्हणून बाईंना सांगून मला शेवटच्या बाकावर पाठवलंस. वर्षभर."

मला काहीही आठवत नव्हतं. याचाच सगळ्यात जास्त धक्का बसला. कशीबशी सॉरी म्हणाले. त्याने शांतपणे माझ्यासाठी चहा मागवला.

"बोर्ड काढ रे, प्लीज."

"काढतो. मग तू येऊन बसशील आईच्या बाजूला?"

"बसेन ना," मी म्हणाले.

निघताना काकींनी सुक्या बोंबलांची पुडी हातात कोंबली.

"कशी झाली ट्रिप?" घरी नवऱ्याने विचारलं. केंद्र बघण्यासारखं आहे, म्हटलं. तुम्हालाही तेच सांगेन, जरूर जा. मग ओट्यापाशी पुडी सोडायला घेतली. वर एक प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, प्रत्येकीला करकचून गाठ. काकींनी ती नुसती वर्तमानपत्रात बांधून दिली होती. पिशव्या मीच चढवल्या होत्या, मेट्रोत शिरायच्या आधी, स्टेशनखालच्या दुकानातून मागून घेऊन.